मांडीवरचं सूत, देवापुढची वात

कोशाचं सूत आणि देवापुढची वात, दोन्ही मांडीवर वळतात. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे कोसा विणणाऱ्या कोष्ट्यांचं जुनं गाव. इथल्या विणकर घरांत ही दोन्ही कामं बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येत. ती घरातली वडील बाई. पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीत तिला बुढी म्हणतात. त्यात आपुलकी असते, अनादर नसतो. मागावर बसणारा तिचा मुलगा विणकर म्हणून ओळखला जातो. तिचं आयुष्य कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ते सुतात आणि वातीत गेलेलं असतं, म्हणून त्याची आठवण सांगायची तर आधी ही दोन कामं सांगावी लागतात.

कोसा म्हणजे टसर रेशीम, आणि ते येतं जंगलातून. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारी टसर अळी स्वतःभोवती कोश विणते आणि त्याला एक टणक देठ काढून तो फांदीला बांधून टाकते. पूर्व विदर्भात या अळ्या झाडावर सोडून राखण्याचं काम धीवर समाज करत आला आहे. पक्षी, मुंग्या आणि पाऊस यांतून वाचेल तेवढंच पीक. कोश हाताला सुपारीसारखा कडक लागतो. पतंग आतून भोक पाडून बाहेर पडला तर धागा तुटतो आणि त्यापासून फक्त जाडंभरडं सूत कातता येतं. अखंड धागा हवा असेल तर पतंग बाहेर पडण्याआधीच आतला जीव उन्हात किंवा वाफेवर मारावा लागतो. मुंगीला साखर घालणारी, एकादशीला दोन्ही वेळ उपाशी राहणारी बाई हेच कोश उकळायला ठेवते. या विसंगतीचा घरात कोणी खल करत बसत नाही. शास्त्राने रेशमाला शुद्ध म्हटलं आहे, आणि पोटाने त्याला दुजोरा दिला आहे.

उकळण्याचं काम परसात चालतं. पातेल्यात सोडा, पूर्वी राख, आणि त्यात कोश. अळी शिजल्याचा एक जड, तेलकट वास सुटतो. नवी सून पहिले काही दिवस पदर नाकाला लावते, मग विसरते. कोश मऊ झाले की वरचा विस्कटलेल्या तंतूंचा थर सोलून काढायचा आणि प्रत्येकाचं टोक शोधायचं. या कामाला डोळ्यांपेक्षा बोटांची सवय लागते. मोतीबिंदू झालेल्या बाईलाही टोक सापडतं, ते त्यामुळेच.

मग ती मांडी घालून बसते. पुढ्यात चार-सहा ओले कोश. त्यांची टोकं एकत्र करून डाव्या हाताने ओढत न्यायची आणि उजव्या तळव्याने उघड्या मांडीवर पीळ द्यायचा. तळवा गुडघ्याकडे सरकतो, पीळ बसतो, हात उचलून पुन्हा मागे येतो. घर्षण कमी व्हावं म्हणून तेलाचं बोट. एखादा कोश संपला की दुसऱ्याचं टोक त्याच पिळात मिसळून द्यायचं. गाठ मारायची नाही. सांधा दिसला तर सूत कच्चं. मांडी उघडी टाकावी लागते म्हणून हे काम आतल्या खोलीत, पुरुषांची वर्दळ नसताना होतं. वर्षानुवर्षं घासून तिथली कातडी काळवंडते, चिघळते, मग घट्टे पडतात. दिवसभर बसून हाती येणारं सूत तोळ्यांतच मोजावं लागतं.

याच सुताच्या बाण्यातून टसरची करवतकाठी साडी उभी राहते. मधलं अंग कोशाचं, मधाच्या रंगाचं, बहुधा न रंगवलेलं. काठ रंगीत सुताचे. दोन्हीकडच्या काठांचे दोन धोटे आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालवून काठ आणि अंग एकमेकांत गुंतवतात. त्या गुंतवणीतून करवतीचे दात उठतात, नावही त्यावरूनच आलं. मागावर विणकर बसतो, बाजूला मदतीला दुसरं माणूस लागतं. कांड्या भरणं, तुटलेला धागा सांधणं ही कामं म्हातारपणीही सुटत नाहीत. तयार साडीची किंमत काठाच्या दातांवरून ठरते. मांडीवरच्या पिळाचा वेगळा भाव कोणी लावत नाही, आणि हा हिशेब चुकीचा आहे.

दुपारी कोश बाजूला होतात आणि कापूस पुढ्यात येतो. सरकी काढलेला कापूस बोटांनी पिंजायचा, त्याचा पेळू करायचा आणि तोच तळवा, त्याच मांडीवर, फक्त हलक्या हाताने. लांब वात समईसाठी. फुलवात तुपाच्या निरांजनासाठी; ती तळहातावर वळते आणि वरचं टोक चिमटीत दुधाच्या थेंबाने ताठ करतात. कापसाचीच वस्त्रमाळ, मण्यामण्याला कुंकवाचं बोट. कोशाच्या सुताला पीळ घट्ट लागतो. वातीला घट्ट पीळ दिला तर तेल चढत नाही आणि ज्योत काजळते. एकाच हाताला दोन्ही वजनं ठाऊक असतात.

लक्ष वातींचा नेम धरणाऱ्या बायका असतात. चातुर्मासात तो पुरा करायचा म्हटलं तर रोज सव्वाआठशेच्या वर वाती होतात. म्हणून पुष्कळजणी आधीपासून जमवत राहतात. शंभराची जुडी, दोऱ्याने बांधलेली, पत्र्याच्या डब्यात. वाती मोजताना कोणी हाक मारली तर ती ओ देत नाही, फक्त हात वर करते. नवरात्रात पूर्व विदर्भातल्या देवीच्या मंदिरांत मनोकामना ज्योती लागतात. मोहाडीला चौंडेश्वरीचं मंदिर आहे, आणि चौंडेश्वरी ही कोष्ट्यांची देवी. घरातली समई पितळी असते. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, तेव्हा ती लांबून आणावी लागत नाही.

पूजेला बसताना अंगावर कोसाच. सुती सोवळं रोज धुवून, कोणाचा हात न लागता वाळवावं लागतं. रेशमाला तेवढा जाच नाही. ते झटकून, घडी करून वलणीवर टाकलं की दुसऱ्या दिवशी चालतं. ज्या घरात पाणी लांबून आणायचं आणि हात दिवसभर कोशांत बुडालेले, तिथे ही सवलत मोठी होती. साडी बहुधा विक्रीतून बाद झालेली असे. काठाचा एखादा दात चुकलेला.

मांडीवरचं सूत आता मागे पडलं आहे. ताण्याला बाहेरून आलेलं रेशीम लागतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने मांडीवर सूत काढण्याची पद्धत बंद करण्यासाठी ‘बुनियाद’ नावाचं यंत्र पुढे आणलं. त्यावर बसायला मांडी उघडी टाकावी लागत नाही. हे फार आधी व्हायला हवं होतं. वातींचं काम मात्र मांडीवरच राहिलं.

वडील बाई गेली की सुतकात देवपूजा थांबते आणि समई कोरडी राहते. दिवा जळतो तो ती गेली त्या जागेवर, कणकेच्या गोळ्यात. तेराव्यानंतर कोसा साडीचा प्रश्न निघतो. ती थोरल्या सुनेकडे सोवळं म्हणून जाते किंवा लेकीला दिली जाते. कोणी वापरत नसेल तर पेटीत राहते. नवऱ्याआधी गेली असेल तर भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, सवाष्णीला जेवू घालून ओटी भरतात. विधवा होऊन गेली असेल तर तिची तिथी धरतात.

अक्षय तृतीयेला विदर्भात पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, थंड पाणी, आंब्याचं पन्हं, पळसाच्या पत्रावळीवर वाढलेलं पान. निखाऱ्यावर तूप सोडून पितरांच्या नावाने घास टाकायचा. पितृपक्षात जिथे भटजी येऊन महालय करतात तिथे संकल्पात आई, आजी, पणजी अशी तीन नावं उच्चारली जातात. चौथ्या पिढीला ते नाव गळतं. घरगुती घागरीला असा नियम नाही. जितकी नावं आठवतील तितके घास, आणि आठवत नाहीत त्यांच्यासाठी शेवटचा एक. त्या दिवशीची वात सून वळते. तिला मांडीवर जमत नाही, म्हणून ती पालथ्या ताटावर वळते.