औंधचे चित्रसंग्रहालय आणि शाळेची सहल

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध हे गाव आहे. यमाईच्या मूळपीठाकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर, निम्म्या चढावर श्रीभवानी चित्रसंग्रहालयाची इमारत लागते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभारले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. थोर कलाकृती शहरातील मूठभर लोकांपुरत्या न राहता खेड्यातील माणसाच्याही दृष्टीस पडाव्यात, हे या संग्रहालयामुळे शक्य झाले. खेड्यातील शाळेला कलेचा असा ठेवा इतक्या जवळ क्वचितच लाभतो.

परंतु पुष्कळ सहलींत या ठेव्याचा लाभ मुलांस होत नाही. देवदर्शन उरकून साठसत्तर मुलांची रांग एका दाराने आत शिरते आणि पाव घटकेत दुसऱ्या दाराने बाहेर पडते. ‘काय पाहिले?’ असे विचारता ‘चित्रे’ एवढेच उत्तर येते. यात मुलांचा दोष नाही. पाहणे हेदेखील वाचनाप्रमाणे शिकवावे लागते.

याची तयारी सहलीपूर्वी आठवडाभर तरी सुरू करावी. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांची मूळ तैलचित्रे औंधास आहेत. मुलांस हे नाव ठाऊक नसले तरी त्यांचे काम अप्रत्यक्षपणे परिचयाचे असते. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतींची चित्रे घरोघरी पोहोचली. आजच्या दिनदर्शिकांवरील देवतांच्या रूपावर त्यांची छाप आहे. असे एखादे छापील चित्र वर्गात लावावे व नीट पाहून घ्यावे. म्हणजे औंधास मूळ चित्रापुढे उभे राहिल्यावर रंगाचा थर, कापडाचा पोत आणि कातडीवरील उजेड यांतील भेद मुले आपण होऊन सांगतील.

शिल्पाची ओळख करून देणे त्याहून सोपे आहे. बेंदराला चिखलाचे बैल न केलेले मूल या भागात विरळा. मातीला माती जोडत आकार वाढविणे, ही शिल्पाची एक रीत होय. पाथरवट पाटा घडवितो तेव्हा दगड काढीत जातो, ही दुसरी रीत. पहिलीत चुकले तर पुन्हा थापता येते. दुसरीत उडालेली कपची परत बसत नाही. एवढे कळले की मूल मूर्तीकडे कारागिराच्या नजरेने पाहू लागते.

प्रत्यक्ष भेटीत सर्व दालने दाखविण्याचा हव्यास धरू नये. दहा-दहांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने तीनच कलाकृती निवडाव्यात. प्रत्येकीपुढे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. नंतर तीन प्रश्न विचारावेत : काय दिसते? चित्रात उजेड कोणत्या बाजूने येतो? ही व्यक्ती पुढच्या क्षणी काय करील? उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. शिल्प असल्यास त्याभोवती शक्य तितके फिरून पाहावे. पुढून शांत भासणारी आकृती बाजूने निराळी दिसते. हात मात्र लावू देऊ नये, आणि त्याचे कारणही सांगावे : बोटांचा घाम व तेलकटपणा साचून पृष्ठभाग खराब होतो.

युरोपातील नामांकित कृतींच्या प्रतिकृतीही येथे आहेत. मूळ व प्रतिकृती हा भेद मुलांस तेथेच समजावून द्यावा.

निवडीत एक कृती अवश्य असावी. ती म्हणजे हेन्री मूर (१८९८-१९८६) या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’. मूर हे यॉर्कशायरमधील कासलफर्ड गावच्या कोळसा खाणकामगाराचे पुत्र. मुलाने शिक्षक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, आणि काही काळ त्यांनी शिक्षकाचे कामही केले. शाळेत अ‍ॅलिस गॉस्टिक या कलाशिक्षिकेने त्यांच्यातील गुण हेरून उत्तेजन दिले. पुढे ते जगन्मान्य झाले. त्याच परगण्यात ब्रेटन येथे, शिक्षक घडविणाऱ्या एका महाविद्यालयाच्या आवारात, १९७७ साली खुल्या माळावरचे शिल्पोद्यान सुरू झाले. तेथे मूर यांची शिल्पे मेंढ्यांच्या चरणीत उभी असतात.

ही हकीकत मुलांस सांगावी. शिक्षकांनी तर ती विशेष ध्यानात ठेवावी. कुंभाराचे, पाथरवटाचे वा शेतमजुराचे मूल कलेला परके असते, हा समज वर्गात फार लवकर रुजतो आणि बहुधा कोणी न बोलताच रुजतो.

परतल्यावर निबंध लिहून घेण्याची घाई करू नये. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठची चिकणमाती आणून मुलांपुढे ठेवावी व ‘आई आणि मूल’ घडविण्यास सांगावे. नमुना देऊ नये. त्या दिवशी ज्या मुलाचे हात मातीत इतरांहून अधिक वेळ रेंगाळतील, त्याचे नाव शिक्षकांनी टिपून ठेवावे.