घेर पाचाचा, कोडं सत्तावन्नचं

कागदावर पंचकोन काढा. त्याच्या पोटात पाच टोकांची चांदणी काढा आणि पंचकोनाचा प्रत्येक कोपरा चांदणीच्या जवळच्या टोकाला जोडा. चांदणीच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे बिंदू धरायचा नाही. झाला 10 बिंदू आणि 15 रेघांचा ‘पीटरसन आलेख’. डॅनिश गणिती युलियस पीटरसन यांनी 1898 मध्ये तो मांडला.

आता कुठल्याही बिंदूवर पेन्सिल टेकवा आणि एकही रेघ दोनदा न गिरवता परत तिथेच या. पाच पावलं तरी लागतातच. आलेखातल्या सर्वांत छोट्या चक्राची ही लांबी म्हणजे त्याचा ‘घेर’.

घेर मोठा असण्याला व्यवहारातही मोल आहे. 5जी मोबाइलमध्ये संदेशातल्या चुका दुरुस्त करताना माहितीचे अंश आणि तपासण्या एका जाळ्यातून एकमेकांना अंदाज कळवतात. चक्र छोटं असेल, तर आपणच सोडलेली पुडी दोन घरं फिरून आपल्याच कानी ‘पक्की बातमी’ म्हणून येते! म्हणून अशी जाळी विणताना चार पावलांची चक्रं शक्यतो टाळतात.

पण घेर राखायला बिंदू किती लागतात? पीटरसनच्या आलेखात प्रत्येक बिंदूला 3 शेजारी. त्या प्रत्येकाचे आणखी 2, म्हणजे 6. त्यातले दोन एकच निघाले, तर चार पावलांचं चक्र होईल. म्हणून सहाही वेगळे. 1 + 3 + 6 = 10, एकही कमी चालणार नाही. थोडक्यात, शेजाऱ्यांच्या संख्येचा वर्ग अधिक एक.

इतक्या काटकसरीत नेहमी भागत नाही. 4 शेजारी असतील तर हिशेब 17 सांगतो, प्रत्यक्षात 19 बिंदू लागतात. 1960 मध्ये हॉफमन आणि सिंगलटन या गणितींनी दाखवलं की, अशी काटकसर फक्त 2, 3, 7 किंवा 57 शेजाऱ्यांनाच साधू शकते. 2 चा साधा पंचकोन सोडला, तर कसोटी अशी: शेजाऱ्यांच्या संख्येची चौपट करून 3 वजा करा, उत्तराच्या वर्गमूळाने 15 ला पूर्ण भाग जायला हवा. 3 चे 9, 7 चे 25, 57 चे 225. वर्गमुळं 3, 5 आणि 15!

7 शेजाऱ्यांचा 50 बिंदूंचा आलेख त्या दोघांनीच रचला. उरला 57 चा: 3250 बिंदू, 92,625 रेघा. हिशेब चोख जुळतो. पण तो आलेख आजवर कुणी रचलेला नाही, आणि तो असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.