मोटारीचा फुटका बंपर : काटकसर कोठें करावी?

अरुंद बोळांतून मोटार मागें घेतांना खांबाचा धक्का लागतो, किंवा सिग्नलपाशीं उभ्या असलेल्या मोटारीवर मागून एखादी रिक्षा आदळते. बंपराला चीर पडते आणि मालकाच्या कपाळाला आंठी. गॅरेजवाला म्हणतो, नवाच बसवावा लागेल. शेजारी म्हणतो, चिकटवून टाका. दोघांपैकीं कोणाचें ऐकावें हें ठरविण्यापूर्वीं बंपर म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे.

ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळीं बंपर म्हणजे पोलादाची चकचकीत पट्टी असे. ती ठोकून सरळ करतां येई. आजच्या मोटारींत बाहेरून दिसतें तें केवळ आवरण होय. तें बहुधा पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लास्टिकांत रबरासारखा पदार्थ मिसळून केलेलें असतें. त्याच्या मागें, नजरेआड, बहुतेक मोटारींत धातूची एक आडवी पट्टी सांगाड्याच्या टोकांना जोडलेली असते. जोराचा आघात सोसण्याचें काम या पट्टीचें. काटकसरीचा सारा विचार या भेदावर उभा आहे : आवरणावर पैसा वाचवावा, पट्टीवर वाचवूं नये.

म्हणून पहिलें काम तपासणीचें. बंपर व मडगार्ड यांमधील फट एका बाजूस रुंद झाली असेल, बॉनेट किंवा डिकी नीट बसत नसेल, दिवा वांकडा झाला असेल, अथवा रेडिएटरखालीं पाणी ठिबकत असेल, तर धक्का आंतवर पोंचला आहे असें समजावें. अशा वेळीं आवरण काढून आंत पाहावें. पट्टी वांकली असेल तर ती बदलणें, हाच खरा स्वस्त उपाय. कारण पुढील अपघातांत तिची किंमत माणसाच्या हाडांनीं मोजावी लागते.

इजा आवरणापुरतीच असेल, तर मात्र बराच खर्च टळतो. हें प्लास्टिक उष्णतेनें मऊ होतें. नुसता पोचा आला असल्यास त्यावर कढत पाणी ओतून आंतल्या बाजूनें हातमोजा घालून दाबावें. पोचा वर येतांच थंड पाणी ओतलें कीं आकार टिकतो. चीर पडली असल्यास साध्या गोंदाचा उपयोग नाहीं. पॉलिप्रॉपिलीनला तो धरत नाहीं. आवरणाच्या आंतल्या अंगास पदार्थाचें नांव अक्षरांनीं छापलेलें असतें. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी तापल्या इस्त्रीनें वितळवून कारागीर चीर सांधतो. रंगापूर्वीं प्लास्टिकसाठीं असलेला प्रायमर लावला नाहीं, तर रंगाचे पापुद्रे निघतात.

बंपर अडकविण्याचे कानच तुटले असतील, तर सांधण्यापेक्षां जुना परंतु धड बंपर घेणें बरें. मुंबईंत कुर्ल्यासारख्या ठिकाणीं मोटारींच्या जुन्या भागांचा बाजार आहे. त्याच मॉडेलचा व त्याच रंगाचा मिळाला, तर रंगाचाही खर्च वांचतो. कान शाबूत आहेत ना, भोकें आपल्या मोटारीप्रमाणें आहेत ना, हें पाहूनच पैसे द्यावेत.

विम्याचा हिशेबही आधीं मांडावा. साध्या पॉलिसींत प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. समजा, आवरण ६,००० रुपयांचें आहे व सक्तीची वजावट १,००० रुपये आहे. म्हणजे मजुरी सोडून हातीं २,००० रुपये येतात. उलटपक्षीं, स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये असून त्यावर शेंकडा ३५ बोनस मिळावयाचा असेल, तर २,८०० रुपयांची सूट बुडते, आणि बोनसची शिडी पुन्हां पहिल्या पायरीपासून चढावी लागते. लहान इजेसाठीं दावा करणें पुष्कळदां तोट्याचें ठरतें, तें असें.

कांहीं मालक पुढील खर्च टाळण्यासाठीं लोखंडी क्रॅश गार्ड बसवितात. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें त्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविलें. हा कठीण दांडा पादचाऱ्याला अधिक इजा करतो आणि एअरबॅग योग्य वेळीं उघडण्यांतही विघ्न आणूं शकतो.

शेवटीं, १ जुलै २०१९ पासून भारतांत नव्या मोटारींना मागें घेतांना सूचना देणारे सेन्सर सक्तीचे आहेत, आणि ते बंपरांतच असतात. दुरुस्तींत ते तिरपे बसले, किंवा त्यांवर लांबीचा जाड थर आला, तर ते आंधळे होतात. म्हणून गॅरेजांतून निघण्यापूर्वीं मोटारीमागें लहान मुलाच्या उंचीचें एखादें खोकें ठेवून मोटार हळूहळू मागें घ्यावी व सूचना वाजते कीं नाहीं हें पाहावें. चिरेची खूण राहिली तर फार तर शोभा जाते; परंतु अंगणांत खेळणाऱ्या मुलाकडे मागें येणारी मोटार मुकी राहतां कामा नये.