बाळ फार शांत आहे!

आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीत डोकावणारी प्रत्येक बाई दोन वाक्यं बोलतेच. पहिलं, बाळ कुणाच्या वळणावर गेलंय ते. आणि दुसरं, ‘किती गुणी आहे बाई, अजिबात रडत नाही.’ हे दुसरं वाक्य ऐकलं की माझ्या छातीत आजही धस्स होतं.

१९८१ सालची गोष्ट. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुईणीच्या हातून घरातच मुलगा झाला. चांगला टणटणीत. रडायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. पाचव्या दिवशी तो रडायचा थांबला. दूधही ओढेना. अंगात ताप नव्हता, उलट तळपाय गार लागत होते. ताप नाही म्हणजे आजार नाही, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलं. येणारे-जाणारे म्हणत होते, ‘किती शांत बाळ आहे!’ सहाव्या दिवशी पहाटे ते गेलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं अल्लाची मर्जी. शेजारच्या मावशी म्हणाल्या, सटवाईनं कपाळावर एवढंच लिहिलं होतं.

ते बाळ नेमकं कशानं गेलं, हे आता कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. पण पाचवीची पूजा आणि सटवाईचं भय आपल्या समाजात उगाच आलेलं नाही, एवढं मात्र मला कळलं आहे. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. आपल्या आज्या-पणज्यांनी आकडे मोजले नव्हते, पण हा आठवडा घाताचा असतो हे त्यांनी सोसून जाणलं होतं.

या मृत्यूंमागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे सेप्सिस. जंतू बाळाच्या रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी झगडताना सारं शरीरच कोलमडू लागतं. काही बाळांना हा संसर्ग पहिल्या तीन दिवसांतच होतो. तो बहुधा आईकडून, प्रसूतीच्या वेळी आलेला असतो. आईला ताप असेल, गर्भजल फुटून अठरा तासांहून जास्त वेळ गेला असेल, बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर धोका वाढतो. तीन दिवसांनंतरचा संसर्ग बहुतेक वेळा भोवतालातून येतो. न धुतलेल्या हातांतून, नाळेवर लावलेल्या कशाकशातून, दवाखान्यातल्या नळ्या-सुयांमधूनही.

मोठ्या माणसाला संसर्ग झाला की तो तापानं फणफणतो, कण्हतो, सांगतो. नवजात बाळ यातलं काही करेलच असं नाही. त्याचा ताप चढण्याऐवजी अंग गार पडू शकतं. ते दूध कमी ओढतं, मलूल होतं, गप्प होतं. म्हणून तर आपण त्याला ‘गुणी’ म्हणून बसतो.

मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. तरीही हा विषय निवडला, कारण तीन वर्षांपूर्वी तो पुन्हा माझ्या दारात आला. माझ्या मुलीला मुलगी झाली. बाळंतपण दवाखान्यात, सगळं सुखरूप. चौथ्या दिवशी नात घरी आली. पाचव्या दिवशी दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आपानं तिला मांडीवर घेतलं, तळपायाला हात लावला आणि हळूच म्हणाली, ‘ही जरा जास्तच शांत आहे रे. दोनदा पाजायला घेतलं, ओढतच नाही.’ चाळीस वर्षांत आपा त्या बाळाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. त्या क्षणी तिला बोलावं लागलं नाही. आम्ही रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला तपासलं, तिला ऊब दिली, रक्त घेतलं आणि लगेच सलाईनमधून प्रतिजैविकं सुरू केली. एवढ्याशा जिवाचं रक्त काढताना पाहून माझा जीव कासावीस झाला. ‘आधीच रक्त किती असणार तिच्यात?’ मी म्हणालो. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, ‘काका, किलोमागं साधारण ऐंशी मिली. तुमची नात तीन किलोची आहे, म्हणजे पेलाभर रक्त आहे. त्यातलं मी दोन मिलीसुद्धा घेतलेलं नाही.’

दोन तासांत पहिला अहवाल आला. सगळं नॉर्मल. मी उठलोच. ‘काही नाही ना? मग सुया काढा, आम्ही घरी नेतो.’ त्यावर त्यांनी जे सांगितलं, तेच आज मला तुम्हाला सांगायचं आहे. नवजात बाळाच्या रक्ताचा अहवाल नुसता वाचायचा नसतो, तो घड्याळ बघून वाचायचा असतो.

पांढऱ्या पेशींचंच बघा. मोठ्यांना संसर्ग झाला की त्या सहसा वाढतात. नवजात बाळात त्या उलट घटू शकतात. एका घनमिलीमीटरला पाच हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टर सावध होतात. ते पेशींची जातही पाहतात. कोल्हापूरकरांना हे तालमीच्या भाषेत लवकर कळेल. आखाड्यात तयारीचे पैलवान संपले, की वस्ताद कालच लंगोट बांधलेल्या पोरांना उतरवतो. तसंच संसर्गाशी झुंजणाऱ्या तयार पेशी खर्ची पडल्या, की हाडांतला मगज कच्च्या पेशी रक्तात सोडतो. या प्रकारच्या पाच पेशींत एकाहून जास्त कच्ची दिसली, तर आत झुंज चालू आहे असं समजायचं.

दुसरी तपासणी सीआरपीची. हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. संसर्ग झाला की ते वाढतं. लिटरमागं दहा मिलिग्रॅमच्या वर गेलं की शंका बळावते. पण ते वाढायला दहा-बारा तास लागतात. आजार सुरू होऊन चारच तास झाले असतील, तर यकृताचा निरोप अजून निघालेलाच नसतो. माझा ‘नॉर्मल’ अहवाल हा असा होता. प्रोकॅल्सिटोनिन नावाची आणखी एक तपासणी लवकर, चार-सहा तासांत इशारा देते. पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही आपसूक वाढलेलं असतं. म्हणजे तिथंही बाळाचं वय तासांत मोजून अर्थ लावावा लागतो.

तिसरी तपासणी अगदी साधी. टाचेतून घेतलेलं रक्त बारीक काचनळीत उभं ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते पाहतात. पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त, तर शंका.

यातली एकटी कुठलीच तपासणी भरवशाची नाही. म्हणून आपल्याकडचे नवजात-तज्ज्ञ त्या एकत्र करतात, आणि दोन किंवा अधिक बिघडल्या तर चाचणी सकारात्मक मानतात. सगळ्या ठीक आल्या पण बाळ मलूलच असेल, तर बारा तासांनी पुन्हा करतात. एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही आणि साक्ष घाईनंही घ्यायची नाही, असा हा न्याय.

खरा पुरावा मात्र कल्चरचा. बाळाचं मिलीभर रक्त औषध देण्याआधी एका बाटलीत घेतात आणि त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. वाढले तर ते कोणते आणि कुठल्या औषधाला दबतात, हेही कळतं. पण त्याला एक-दोन दिवस तरी लागतात, आणि आजारी बाळ तेवढी वाट पाहू शकत नाही. म्हणून रक्त घेतलं की उपचार लगेच सुरू करायचे. अहवाल आल्यावर ते चालू ठेवायचे, बदलायचे की थांबवायचे, हे ठरवायचं.

यातलं थांबवणंही तितकंच महत्त्वाचं. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १४ टक्क्यांहून अधिक बाळांना सेप्सिस झाला होता, आणि सापडलेले कित्येक जंतू एकाहून जास्त औषधांना दाद देत नव्हते. उगाच दिलेलं प्रत्येक प्रतिजैविक ही दाद न देणारी फौज वाढवतं. बाळ टवटवीत आहे, सीआरपी वाढला नाही, कल्चर कोरं आहे, असं दिसलं की डॉक्टरांना दोन दिवसांत औषध थांबवता येतं.

आता कुणी विचारेल, जिथं प्रयोगशाळाच नाही तिथं काय? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रानं जगाला दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ साली ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास हाती घेतला. १९९५ पासून गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या स्त्रियांना घरोघर जाऊन बाळाचं वजन करायला, ताप पाहायला, श्वास मोजायला, सेप्सिस ओळखायला आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. क्षीण झालेलं रडणं, कमी झालेलं दूध ओढणं, गळालेले हातपाय, गार किंवा तापलेलं अंग, अशा काही ठरावीक खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून आशाताई देशभर बाळ-बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागं हाच धडा आहे.

त्या खुणांत नुसतं ‘रडतं का’ असं विचारत नाहीत. ‘कालपर्यंत नीट रडत होतं, आज नाही’ असा बदल विचारतात. हा बदल यंत्र सांगू शकत नाही. तो आई सांगते, आजी सांगते. रक्ताची तपासणी त्यांच्या नजरेच्या पुढची पायरी आहे, तिच्या जागी आलेली नव्हे.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. बाळाचं पिणं एकाएकी कमी झालं, हलवल्याशिवाय ते हलेना, अंग गार किंवा गरम लागलं, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तर सकाळची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात, मग ते तालुक्याचं असो की कोल्हापूरचा आपला थोरला दवाखाना सीपीआर, आजारी बाळाचे उपचार, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची सोय जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. १०२ किंवा १०८ ला फोन करा. आणि बाळाला हात लावण्याआधी ते धुवा. आमच्यात मध-खजूर चाटवतात, तुमच्यात मध-सोनं आणि गुटी. दोन्ही घरांनी बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधावर सोडावं, ही माझी हात जोडून विनंती.

माझ्या नातीचा दुसरा अहवाल पहाटे आला. सीआरपी चढला होता, कच्च्या पेशी वाढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये जंतू सापडला आणि एक औषध बदललं. चौदा दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं. आदल्या संध्याकाळी मी हट्टानं तिला नेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

आता ती तीन वर्षांची आहे. दुपारी कुणाला झोपू देत नाही, घर डोक्यावर घेते. मी वैतागून ओरडलो की आपा मलाच दटावते, ‘ओरडू दे तिला.’