कात्युशाची अमेरिकन चाकं

मे १९४५. जर्मनीने नुकतीच शरणागती पत्करली होती. फ्रान्समधल्या इफॉप या जनमत चाचणी संस्थेने लोकांना विचारलं, जर्मनीला हरवण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुणाचा? ५७ टक्के म्हणाले, सोव्हिएत संघाचा. अमेरिकेचं नाव घेतलं जेमतेम २० टक्के लोकांनी. तेही अमेरिकन रणगाडे डोळ्यांदेखत गावातून गेलेले असताना! हाच प्रश्न २००४ मध्ये विचारला, तर उत्तर साफ उलटं: अमेरिका ५८, सोव्हिएत संघ २०. मधल्या काळात मार्शल योजनेचे डॉलर आले, शीतयुद्ध आलं, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचे हॉलिवूडपट आले.

रक्ताचा हिशेब लावला तर १९४५ चे फ्रेंच बरोबर होते. युद्धात मेलेल्या जर्मन सैनिकांपैकी बहुसंख्य पूर्व आघाडीवर मेले. सैनिक आणि नागरिक मिळून सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्यानंतर सोळाच दिवसांनी, २२ जून १९४४ ला, लाल सेनेने बेलारूसमध्ये ‘बाग्रातिओन’ मोहीम उघडली. ३ जुलैला मिन्स्क हाती आलं आणि जर्मनीच्या मध्य सेनासमूहाचं कंबरडं मोडलं. सिनेमे मात्र नॉर्मंडीचेच.

पण आता एक ‘कात्युशा’ जवळून बघा. एका दमात सोळा अग्निबाण सोडणारा, जर्मनांची झोप उडवणारा हा रशियन अग्निबाणमारा. लोखंडी रुळांवर अग्निबाण रचलेले, आणि खाली? युद्धाच्या उत्तरार्धात बहुतेकदा अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीचा सहाचाकी ट्रक! असे ट्रक आणि जीप मिळून सुमारे ४ लाख गाड्या अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य पुरवण्याच्या ‘लेंड-लीज’ योजनेखाली सोव्हिएत संघाला पाठवल्या. शिवाय १,९०० च्या आसपास रेल्वे इंजिनं, विमानांचं इंधन, बूट, डबाबंद मांस. १९४३ मध्ये तेहरानच्या मेजवानीत खुद्द स्टालिनने अमेरिकन यंत्रसामग्रीच्या नावाने प्याला उचलला होता.

मग अमेरिकेनेच युद्ध जिंकून दिलं म्हणायचं का? थांबा. या मदतीचा मोठा भाग पोचला तो स्टालिनग्राडच्या लढाईनंतर. मॉस्को वाचलं ते मुख्यतः सोव्हिएत शस्त्रांवर. मला वाटतं, स्टुडबेकर नसते तरी लाल सेना जर्मनांना थोपवू शकली असती. बर्लिनपर्यंत इतक्या झपाट्याने पोचली नसती.

हे झालं जर्मनीचं. जपानविरुद्ध लढलेल्या चीनचं नाव तर या वादात क्वचितच निघतं. तो १९३७ पासून लढत होता आणि त्याने लाखो जपानी सैनिक आपल्या भूमीत अडकवून ठेवले.

ब्रिटनच्या नावावर जे जमा होतं, त्यातलं तर बरंच दुसऱ्यांचं. २५ लाखांची भारतीय सेना त्याच खात्यात जाते. नगर जिल्ह्यातला नामदेव जाधव हा मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदी ओलांडत होता. दोन जखमी साथीदारांना त्याने पाण्यातून आणि सुरुंगांतून एकेक करून सुखरूप नेलं. मग एकट्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना दिली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक संदेशांच्या यंत्राचं कोडं फोडण्याचं श्रेयही ब्रिटनला मिळतं. पण १९३२ मध्ये त्यात पहिली फट पाडली ती पोलंडच्या मारियन रेयेव्हस्की या गणितज्ञाने. युद्ध पेटण्याआधी काही आठवडे पोलिशांनी आपलं सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं.

तेव्हा माझा निवाडा असा: जर्मनीपुरतं पहिलं नाव सोव्हिएत संघाचं, जपानपुरतं अमेरिकेचं. विजय साजरा करताना मात्र हा हिशेब दिसला नाही. ८ जून १९४६ ला लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांचं भव्य विजय-संचलन झालं. त्यात भारतीय जवान चालले. सोव्हिएत संघाची तुकडी नव्हती आणि पोलंडचीही नव्हती.