एक साडी जास्तीची

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं, हे ऐकायला एकदम भारी वाटतं. पण वर्गातली चाळीस पोरं तुमच्याच तोंडावर खदाखदा हसायला लागली, तर? मला याचं उत्तर सापडलं ते आपल्या बुधवार पेठेत, चक्क ट्रॅफिक जॅममध्ये!

अप्पा बळवंत चौकात शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. त्या दिवशी मला ती लागली होती. थायलंडला निघायला आठवडा राहिला होता. दोन ग्रामरची पुस्तकं, चित्रांचे तक्ते, रंगीत खडू अशी खरेदी झाली. चार वर्षं कंपनीत कीबोर्ड बडवून झाला होता. १२० तासांचा टीचिंगचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट लॅमिनेटही करून घेतलं होतं. आईनं मेतकुटाची बरणी दिली. बाबांनी सल्ला दिला, "पहिल्याच दिवशी दरारा बसव. मग वर्षभर बघायला नको."

दरारा सोडून सगळं बॅगेत होतं!

हसतोस काय?

शाळा बँकॉकपासून दोन तासांवर. वर्गात चाळीस मुलं, वय साधारण बारा-तेरा. पहिल्या आठवड्यात सगळे हात जोडून, वाकून 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणायचे. मी खूश. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या बाकावरच्या एका पोरानं माझी नक्कल केली. आपण 'हो' म्हणताना मान कशी डुलवतो? डावी-उजवी, स्प्रिंगच्या बाहुलीसारखी? अगदी तश्शी. वर माझा जीभ वळवून केलेला 'ट' पण. वर्ग फुटला.

मी त्याला उभं केलं आणि आवाज चढवला. तो ऐकत राहिला, आणि हसला. मी आणखी चिडले. तो आणखी हसला. आपल्याकडे हे काय समजतात, सांगायलाच नको. उर्मटपणाची हद्द!

पुढच्याच तासाला एका गुणी मुलीनं उत्तर बरोबर दिलं, म्हणून मी कौतुकानं तिच्या डोक्यावर टपली मारली. ती अंग चोरून मागे सरकली. मला वाटलं, आता हिलाही मी नको झाले.

स्टाफरूममधल्या थाई मॅडमनी मला चहा पाजला आणि समजावलं. थाई लोक डोकं पवित्र मानतात, तिथे परक्यानं हात लावायचा नसतो. चारचौघांत आवाज चढवला तर ऐकणाऱ्याची आणि ओरडणाऱ्याची, दोघांचीही लाज जाते. आणि तो हसत होता ना? ते ओशाळं हसू होतं. काय करावं कळलं नाही की तिथे माणसं हसतात.

म्हणजे हिशेब असा : दोन प्रसंग, आणि अपमान जास्त करून माझ्याकडूनच झालेला.

गुरुवारच्या दूर्वा

जूनमध्ये शाळेत 'वाइ ख्रू' झालं. थायलंडमधली ही गुरुवंदना शाळेचं वर्ष सुरू झालं की करतात, आणि शक्यतो गुरुवारीच. मुलं गुडघ्यांवर पुढे येऊन शिक्षकांना फुलांची तबकं देतात. तबकात काय असतं माहितीये? इक्झोराची फुलं, वांग्याचं फूल आणि चक्क दूर्वा! वांग्याचं फूल खाली झुकलेलं असतं, म्हणून ते नम्रतेचं. दूर्वा कितीही तुडवली तरी पुन्हा फुटते, म्हणून ती शिकण्याच्या चिकाटीची. दगडूशेठला वाहतो तीच दूर्वा परक्या देशात आपल्या हातात कोणी ठेवली, तर काय होईल? माझे डोळे भरून आले.

शुक्रवारी त्याच पोरानं तीच नक्कल केली.

तेव्हा पक्कं कळलं की समारंभातला मान वेगळा आणि वर्गातला मान वेगळा. पहिला खुर्चीला मिळतो, दुसरा रोज कमवावा लागतो. आणि सगळंच काही कल्चर-बिल्चर नसतं, काही पोरं खरंच त्रास देतात. सप्टेंबरपर्यंत माझी रोज सकाळी पोटात गोळा येण्यापर्यंत मजल गेली होती. राजीनाम्याची ईमेल ड्राफ्टमध्ये पडून होती.

जॅममध्ये सापडलेली बाई

ऑक्टोबरच्या सुट्टीत पुण्याला आले. दगडूशेठसमोर रिक्षा अडकली. नेहमीप्रमाणे हलेना. समोर भिडे वाडा. तेव्हा तो उभा होता, पण पार मोडकळीला आलेला. शेकडो वेळा पाहिलेली इमारत मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

याच वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. १ जानेवारी ही तारीख मानली जाते. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे त्या दिवशी त्यांना सतरा पूर्ण व्हायलाही दोन दिवस कमीच होते! शाळेत जाता-येता लोक त्यांना शिव्या द्यायचे, शेण-चिखल फेकायचे, दगड मारायचे. त्यावर त्या काय करायच्या, ते आठवणींतून आपल्यापर्यंत आलंय : जास्तीची साडी जवळ ठेवायच्या. खराब झालेली शाळेत पोचल्यावर बदलायची, आणि शिकवायला उभं राहायचं.

त्यांच्याशी आपली तुलना करायचा आगाऊपणा मी करणार नाही. त्यांच्यावर गाव उठलं होतं, माझी एका पोरानं नक्कल केली होती. आणि त्यांचा अपमान रस्त्यावरचे लोक करत होते, विद्यार्थिनी नव्हेत. पण त्या साडीनं मला विचारात पाडलं. लहानपणापासून ही गोष्ट आपण 'केवढी सहनशक्ती!' म्हणून ऐकतो. मला त्यात पहिल्यांदाच प्लॅनिंग दिसलं. शेण पडणार हे गृहीत धरलेलं. त्यावर काय करायचं, ते घरून निघतानाच ठरलेलं. त्यामुळे दिवसाचा तास कसा जाईल, हे शेण फेकणाऱ्याच्या हातात उरलंच नाही.

माझ्याकडे अशी साडी नव्हती. मी रोज 'आज तरी नीट वागतील' अशा आशेवर वर्गात शिरत होते, आणि रोज नव्यानं दुखावली जात होते.

गंमत म्हणजे मानसशास्त्रही साधारण हेच सांगतं. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांच्या चित्रफिती तपासून १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं ते असं : गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो, यावरून चांगला वर्ग आणि वाईट वर्ग यांतला फरक ठरत नाही. गडबड होण्याआधी तो काय करतो, यावरून ठरतो. वर्गात कुठे काय चाललंय यावर लक्ष, आणि मुलांचे हात रिकामे न ठेवणं. दरारा बसवण्यापेक्षा हे बरंच सोपं निघालं.

दुसरं सत्र

ईमेल डिलीट केली. नोव्हेंबरमध्ये परत गेले. चाळीस नावं पाठ केली. तास सुरू व्हायच्या आधी दारात उभं राहून एकेकाला नावानं हाक मारायला लागले. मुलं बसेपर्यंत फळ्यावर पाच मिनिटांचं काम तयार. आणि आमच्या नक्कलकाराला पुढे बोलावून चक्क मान डुलवण्याचा धडा घेतला : ही 'हो', ही 'बरं', ही 'बघू', ही 'कटकट करू नकोस'. चारही त्यानं सही सही करून दाखवल्या. वर्ग परत हसला, या वेळी माझ्यासकट.

सगळं गोडगोड झालं असं नाही. एक मुलगा वर्षअखेरपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्यावर वर्गात ओरडणं मी सोडलं, तास संपल्यावर एकट्याला गाठून दोन वाक्यांत सांगायचे. तोही एक प्रकारचा तहच.

आणखी एक गोष्ट बदलली. एका मुलीनं एकदा भर वर्गात सांगितलं, "टीचर, तुमचं स्पेलिंग चुकलंय." पहिल्या सत्रात मी याला आगाऊपणा म्हटलं असतं. पण फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवली. १८५५ मध्ये, चौदा वर्षांच्या वयात, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माच्या ठेकेदारांना तिनं त्यात थेट जाब विचारला. अशी मुलगी मान खाली घालायला लावणाऱ्या वर्गातून येत नाही. उर्मट आणि धीट यांतला फरक ओळखणं, हे शिक्षकाचं अर्धं काम. मी स्पेलिंग दुरुस्त केलं आणि थँक यू म्हटलं.

बॅग भरण्याआधी

* मान कसा देतात ते आधी विचारून घ्या. स्वीडनमध्ये मुलं शिक्षकांना सरळ पहिल्या नावानं हाक मारतात, त्यात अपमान नाही. जपानच्या वर्गात शांतता असली म्हणजे मुलं रुसलीत असं नाही.

* छडी विसरा. जपानमध्ये शारीरिक शिक्षेला १९४७ पासून कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय.

* वर्गातले नियम तीनच ठेवा, पण रोज पाळा.

* चिडल्यावर पहिलं वाक्य बोलू नका. दुसरं बोला.

* स्टाफरूममध्ये एक स्थानिक मैत्रीण जोडा. तिच्या चहाच्या कपात अर्धा कोर्स असतो.

भिडे वाडा आता नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, आणि त्या जागी होणाऱ्या स्मारकाचं भूमिपूजन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं. दगडूशेठसमोर रिक्षा अजून अडकतेच. अडकली की समोर बघा. आणि बॅग बँकॉकची असो, बर्लिनची असो की हिंजवडीतल्या ट्रेनिंग रूमची, त्यात एक साडी जास्तीची टाका. नेसत नसलात तरी चालेल.