वसतिगृहाच्या पाटीवरचे नाव किती काळ?

'विल्स' हे नाव भारतात दोन पिढ्यांनी सिगारेटच्या पाकिटावर आणि क्रिकेटपटूंच्या शर्टावर वाचले. १९९६ची विश्वचषक स्पर्धासुद्धा 'विल्स वर्ल्ड कप' म्हणूनच ओळखली गेली. ब्रिस्टल या इंग्लंडमधल्या बंदराच्या शहरात हेच नाव विद्यापीठाच्या एका वसतिगृहावर आहे. स्टोक बिशप भागातल्या विल्स हॉलचे उद्घाटन १९२९ मध्ये विद्यापीठाचे तेव्हाचे कुलपती विन्स्टन चर्चिल यांनी केले. तंबाखूच्या विल्स घराण्यातले सर जॉर्ज विल्स यांनी भाऊ हेन्री यांच्या स्मरणार्थ ही वास्तू दिली. दरवर्षी नवी मुले-मुली इथे राहायला येतात. कुठे राहता म्हणून विचारले की ती 'विल्सला' असे सांगतात आणि पुढे म्हातारपणीही स्वतःला 'विल्सचे' म्हणवतात. व्याख्यानाच्या सभागृहाचे नाव तास संपला की मागे पडते. वसतिगृहाचे नाव पत्त्यात शिरते, मैत्रीत शिरते, माणसाच्या ओळखीचा भाग होते. वसतिगृहाला कुणाचे नाव द्यायचे आणि ते किती काळ ठेवायचे, याचा विचार म्हणूनच अधिक काळजीने व्हायला हवा.

ब्रिस्टल विद्यापीठावर विल्स घराण्याचे उपकार खरोखरच मोठे आहेत. १८७६ मध्ये तिथे एक युनिव्हर्सिटी कॉलेज निघाले होते, पण पैशाची ओढाताण कायमची होती. १४ जानेवारी १९०८ रोजी कॉलेजच्या हितचिंतकांच्या मेजवानीत एक घोषणा झाली : दोन वर्षांत विद्यापीठाची सनद मिळणार असेल, तर हेन्री ओव्हर्टन विल्स एक लाख पौंड देतील. त्या रकमेने वारेच फिरले. इतर देणग्या भराभर आल्या, १९०९ मध्ये सनद मिळाली आणि विल्स पहिले कुलपती झाले. त्यांच्या मागे जॉर्ज आणि हेन्री या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ पाच लाख पौंडांहून अधिक खर्चून २१५ फुटी मनोऱ्याची इमारत उभी केली. ती मेजवानी ज्या संस्थेने दिली होती, तिच्या नावात एडवर्ड कोलस्टन होता. हा सतराव्या शतकातला ब्रिस्टलचा 'दानशूर' व्यापारी गुलामांच्या व्यापाराची मक्तेदारी असलेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा पदाधिकारी होता. तो कंपनीत असताना तिच्या जहाजांनी सुमारे ८४,००० आफ्रिकी स्त्री-पुरुष आणि मुले अटलांटिकपार नेली, त्यांतली सुमारे १९,००० वाटेतच मेली. विद्यापीठाच्या जन्माची बातमी अशा माणसाच्या नावाने भरलेल्या पंगतीत दिली गेली आणि कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. नाव एकदा शहराच्या अंगवळणी पडले, की त्यामागची माणसे किती सहज दिसेनाशी होतात, हे यावरून कळते.

७ जून २०२० रोजी ब्रिस्टलच्या नागरिकांनी कोलस्टनचा पुतळा उखडून बंदरात टाकला आणि विद्यापीठाला आपल्या पाट्यांकडे पाहावे लागले. विद्यापीठाच्याच अहवालाने अंदाज केला, की स्थापनेच्या पैशांपैकी सुमारे ८५ टक्के पैसा या ना त्या रीतीने गुलामांच्या श्रमांवर अवलंबून होता. हजारो लोकांची मते घेतल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्णय झाला : बोधचिन्हातून कोलस्टनचे चिन्ह असलेला डॉल्फिन जाईल, विल्स, फ्राय आणि गोल्डनी ही इमारतींची नावे राहतील. कुलगुरूंनी माफी मागितली, आणि वांशिक विषमता कमी करण्यासाठी १ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर झाला. यामागचा भेद मला पटतो. कोलस्टन स्वतः माणसांचा व्यापार करत होता. विल्स बाजारातून तंबाखू घेत होते. मात्र १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी संपेपर्यंत तिकडून येणारा तंबाखू प्रामुख्याने गुलामांनी पिकवलेला होता, आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याला ते ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, विल्सची अफाट श्रीमंती आली ती १८८३ मध्ये सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे हक्क घेतल्यानंतर, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर. तेव्हा ८५ टक्के हा आकडा 'अवलंबून' या शब्दाचा अर्थ बराच सैल धरून आलेला आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण नाव राहावे की जावे याचा निवाडा एकट्या त्याच्यावर करता येत नाही.

माझ्या मते इथे प्रश्नच चुकीचा विचारला गेला. देणगीदार किती दोषी होता, एवढेच सगळे तपासत राहिले. देणगीचे ऋण किती काळ फेडायचे, हे कुणी विचारले नाही. देणगी ही मोजलेली रक्कम असते आणि ती एकदा दिली जाते. त्यानंतर छपराची गळती काढणे, नळ-वीज बदलणे, सफाई, स्वयंपाक हा सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या भाड्यातून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून होतो. शंभर वर्षांत हा खर्च किती झाला असेल, याचा अंदाज कुणीही करावा. तरी वास्तूचा सातबारा मात्र पहिल्याच दात्याच्या नावावर. मुळात तो पैसा तरी एकट्या दात्याचा कुठे होता? विल्स कंपनीच्या बेडमिन्स्टरमधल्या कारखान्यात तंबाखूची पाने निवडणाऱ्या-वळणाऱ्या बायकांची मेहनत त्यात होती, आणि विल्सच्याच स्वस्त 'वुडबाइन' सिगारेटी ओढणाऱ्या मजुरांची मजुरीही होती. आपल्या मुंबईतल्या राजाबाई टॉवरचा पैसाही असाच दूरवरून आला. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी मुंबई विद्यापीठाला मिळून चार लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव लागले. त्यांची भरभराट झाली कापसाच्या तेजीत. ती तेजी आली, कारण अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला. गुलामांनी पिकवलेला कापूस बाजारात येईना, म्हणून आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला भाव आला. दात्याचे औदार्य खरे, पण पैशाची वाट इतक्या हातांतून जाते की तिच्यावर एकच नाव कायमचे कोरणे हा बाकीच्या हातांवर अन्याय आहे.

यावर पहिला आक्षेप कृतघ्नतेचा. मात्र उपकार मानणे वेगळे आणि ते अनंतकाळ मानत राहण्याची हमी देणे वेगळे. पन्नास-साठ वर्षे आपल्या नावाने विद्यार्थी राहिले, हा सन्मान थोडा नव्हे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा : मुदत घातली तर पैसे कोण देईल? याला अमेरिकेतले उत्तर आहे. स्टँडर्ड ऑइलच्या संपत्तीचे वारस एडवर्ड हार्कनेस यांनी १९२८ च्या सुमारास हार्वर्डला निवासी 'हाऊस' बांधण्यासाठी एक कोटीहून अधिक डॉलर दिले. डन्स्टर, एलियट अशी हार्वर्डच्या जुन्या अध्यक्षांची नावे त्यांतल्या काही वास्तूंना मिळाली. एकाही हाऊसला हार्कनेस यांचे नाव नाही. त्याने देणगी अडली नाही. उलट कायमच्या नावाची किंमत न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने मोजली. एव्हरी फिशर यांनी १९७३ मध्ये १ कोटी ५ लाख डॉलर दिले म्हणून सभागृहाला त्यांचे नाव लागले. पुढे डागडुजीसाठी नवा दाता शोधायची वेळ आली, तेव्हा जुने नाव काढू देण्यासाठी फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर द्यावे लागले. मिळाले होते त्याहून जास्त. आणि १० कोटी देणाऱ्या नव्या दात्याचे नाव पुन्हा कायमसाठीच लावले गेले! या आकड्यांवरून तरी विद्यापीठांनी नव्या करारांत मुदत लिहायला शिकावे.

नाव बदलले की इतिहास पुसला जातो, हा तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, पण पाटीवरच्या एका आडनावात इतिहास मावत नाही. विल्स हॉलमध्ये राहून गेलेल्या किती जणांना बेडमिन्स्टरच्या बायका किंवा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची तंबाखूची शेते आठवत असतील? इतिहास जपायचा तर प्रवेशद्वाराशी तो पुरता लिहावा : पैसा कुणी दिला, किती दिला, तो कोणत्या धंद्यातून आला, त्या धंद्यात कोण राबले, आणि १९२९ नंतर या वास्तूचा खर्च कुणी उचलला. जुन्या देणग्यांच्या कायदेशीर अटी असतील तिथे नाव लगेच बदलता येणार नाही. हा मजकूर लावायला मात्र कोणतीच अट आड येत नाही. २०२९ मध्ये विल्स हॉलला शंभर वर्षे होतील. समारंभ होईलच, आणि त्याची तयारी करणाऱ्या समितीच्या हाती अजून वेळ आहे. तिने तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हा मजकूर तयार करावा, आणि हे नाव आणखी किती वर्षे ठेवायचे याचा आकडा त्यात स्पष्ट लिहावा.